ह्यांच्या थकव्यावर अॅक्युपंक्चर करून पाहू का?

पत्राचा सारांश : पत्रलेखिकेच्या यजमानांना फुप्फुसाचा कॅन्सर असून तो हाडांत पसरला आहे. केमो थांबवून काही महिने झाले. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या, पायात रक्ताची गुठळी झाल्यामुळे रक्त पातळ करणारं औषध आणि ठरावीक दिवसांनी डॉक्टरांची भेट, असं चाललं आहे. वेदना आटोक्यात आहेत, थकवा मात्र हटत नाही. आंघोळ करून आले की तासभर पडून राहावं लागतं, बोलता बोलता डोळे मिटतात. नणंदेने हलक्या हाताने अॅक्युपंक्चर करणाऱ्या एका बाईंचं नाव सुचवलं आहे. मुलाच्या मते हे सगळं थोतांड. बाबांना उगाच सुया टोचून छळू नका, असं तो म्हणतो. डॉक्टर 'करायचं तर करा' एवढंच म्हणाले. यजमान म्हणतात, 'तुला बरं वाटत असेल तर करू.' पत्रलेखिका विचारतात, 'अपाय नसेल तर करून पाहायला काय हरकत आहे? जरा उभारी आली तर हे उठून हिंडूफिरू लागतील. नुसतं पडून राहून यांनी हार मानली आहे, असं मला वाटतं.'

ताई,

सरळ उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. करून पाहायला हरकत नाही. पण लगेच उद्या नको, 'करायचं तर करा' एवढ्या परवानगीवर नको आणि ते हिंडूफिरू लागतील या हिशेबाने तर नकोच.

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडले. पडून राहणं म्हणजे हार मानणं, असं तुम्ही धरून चालला आहात. आपण दिवसभर राबलो की थकतो आणि रात्रीच्या झोपेत तो थकवा उतरतो. कॅन्सरमधल्या थकव्यात केलेल्या कामाचा आणि आलेल्या थकव्याचा मेळच नसतो. काही न करता माणूस गळून जातो आणि झोपून उठला तरी तितकाच गळालेला असतो. शरीरात सतत चाललेला दाह, झडत चाललेले स्नायू, उतरलेलं हिमोग्लोबिन, झोपेची उलटापालट, औषधांची गुंगी, मनावरचा ताण, असं बरंच काही एकाच वेळी त्याच्या मुळाशी असतं. निर्धार करून तो झटकता येत नाही. 'जरा उठून बसा, बरं वाटेल,' हे तुम्ही मायेने म्हणत असाल, पण ज्याला बसणंच जमत नाही त्याला त्यातून फक्त आपण कमी पडतोय एवढंच ऐकू येतं. हे वाक्य आजपासून घरात बंद करा. सुयांचं काय ते नंतर ठरेल, हे मात्र आजच होण्यासारखं आहे.

आता डॉक्टरांकडे वळू. तुम्ही त्यांना अॅक्युपंक्चरबद्दल विचारलंत, त्यांनी तेवढ्याचंच उत्तर दिलं. थकव्याबद्दल विचारलंच गेलं नाही. पुढच्या भेटीत प्रश्न बदला : 'यांच्या थकव्याची कारणं कोणती आणि त्यातली कोणती दुरुस्त होण्यासारखी आहेत?' कॅन्सर एवढा पसरला म्हणजे थकवा असायचाच, असं अनेक घरांत गृहीत धरतात आणि मग सहज सुधारता येणारी गोष्टही तशीच राहून जाते. हिमोग्लोबिन फार उतरलं आहे का? थायरॉइड? सोडियम, किडनी, लिव्हर ठीक आहेत का? कुठे जंतुसंसर्ग आहे का? कॅन्सर हाडांत पसरलेला असल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम आवर्जून पाहायला सांगा. ते वाढलं की तहान लागते, पोट साफ होत नाही, माणूस सुस्तावतो, कधी बरळतो. घरच्यांना वाटतं आजार पुढे सरकला. पुष्कळदा औषधाने कॅल्शियम खाली आणता येतं आणि सुस्ती बरीच उतरते.

औषधांची पूर्ण यादी दाखवा, झोपेच्या, उलटीच्या, सर्दीच्या किरकोळ गोळ्यांसकट. मॉर्फिनची सुस्ती सुरुवातीच्या काही दिवसांत बहुधा ओसरते, पण किडनीचं काम मंदावलं तर औषध शरीरात साठू लागतं आणि गुंगी परत येते. अशा वेळी डोस किंवा औषध बदलायचं काम डॉक्टरांचं. गोळी आपल्या मनाने कमी करू नका. वेदना डोकं वर काढतील आणि वेदनेइतकं दमवणारं दुसरं काही नसतं. काही रुग्णांना स्टेरॉइडचा छोटा कोर्सही देतात. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १४ दिवस दिल्यावर थकवा कमी झाल्याचं दिसलं. त्याने साखर वाढते, झोप उडते आणि फार दिवस घेतलं तर मांड्यांचे स्नायू अशक्त होतात, म्हणून कधी द्यायचं हे त्यांनाच ठरवू द्या. पण असा एक पर्याय आहे हे तुम्हाला ठाऊक हवं.

नैराश्याचा प्रश्न जरा अवघड आहे, कारण वरून थकवा आणि नैराश्य दोन्ही सारखेच दिसतात. एक प्रश्न विचारून पाहा, तुम्ही दोघंच असताना : 'अंगात थोडी ताकद असती तर आज काय करावंसं वाटलं असतं?' उत्तर चटकन आलं, मग ते कितीही क्षुल्लक असो, तर इच्छा जागी आहे, शक्ती नाही. दिवसेंदिवस 'काहीच नको' एवढंच येत असेल, पूर्वी ज्यात रमायचे त्यातही मन लागत नसेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावर उपचार आहेत. आणि हा प्रश्न लक्षात ठेवा, कारण अॅक्युपंक्चर करायचं की नाही हेही बरंचसं त्याच्याच उत्तरावर ठरणार आहे.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते नीट पाहू.

थकव्यावरच्या अॅक्युपंक्चरचा नेहमी दाखला दिला जातो तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाचा. स्तनाच्या कॅन्सरचे ३०२ रुग्ण, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, सहा आठवडे. गुडघ्याखाली, घोट्याच्या वर आतल्या बाजूला आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या भागात सुया लावल्या. ज्यांना सुया लावल्या त्यांचा थकवा इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. ऐकायला छान आहे. पण या रुग्णांची केमो पूर्ण झालेली होती आणि त्यांचा आजार शरीरभर पसरलेला नव्हता. शिवाय दुसऱ्या गटाला खोट्या सुया लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे फरक सुयांनी पडला की मिळालेल्या वेळाने आणि लक्षाने, हे सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधला एक अभ्यास आला. त्यात केमोनंतर थकवा राहिलेल्या १०१ जणांपैकी काहींना खरं अॅक्युपंक्चर दिलं आणि बाकीच्यांना त्याची नुसती बतावणी. दोन्ही गटांचा थकवा थोडा उतरला आणि जवळजवळ सारखाच उतरला.

हे वाचून चिरंजीव खूश होतील. त्यांना म्हणावं, जरा थांबा.

तुमच्या यजमानांच्या अवस्थेशी जास्त जुळणारा एक अभ्यास कॅनडातला आहे, २०११ सालचा. अगदी छोटा, बरा न होणारा कॅन्सर असलेल्या फक्त २० रुग्णांचा. काहींना आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे अॅक्युपंक्चर दिलं. बाकीच्यांसोबत तितक्याच वेळा नर्स बसली; त्यांचं ऐकून घेतलं, त्रासांवर उपाय सुचवले, आधार दिला. सिटिंग झाल्या झाल्या मिळणारा आराम सुयांच्या गटात जास्त होता. उपचार संपून सहा आठवडे झाल्यावर पाहिलं तर दोन्ही गटांचा त्रास कमीच होता, पण नर्सचा गट थोडा पुढे होता. २० माणसांवरून कोणी शपथ घेऊ नये. तरी मला हा अभ्यास फार बोलका वाटतो. शांत खोली, आडवं पडलेला माणूस, त्याच्याकडेच लक्ष देणारं कोणीतरी, न घाई न गडबड. सुया असोत नसोत, यातून माणसाला हलकं वाटतं. कधी ते तासभर टिकतं, कधी दोन दिवस. ज्याच्या दिवसात बरे तास मोजकेच आहेत त्याच्यासाठी ही थोडी गोष्ट नव्हे.

म्हणून थोतांड हा शब्द मी सुयांसाठी नाही, दाव्यांसाठी राखून ठेवीन. 'गाठ विरघळेल', 'रोग मुळापासून जाईल', 'या गोळ्या बंद करा, शरीर शुद्ध होऊ द्या' असं कोणी म्हणालं की तिथून उठून यायचं, चर्चाही करायची नाही. 'थोडं हलकं वाटेल, झोप जरा बरी लागेल, कदाचित काहीच वाटणार नाही' असं सांगणारी व्यक्ती प्रामाणिक आहे.

आता 'अपाय नसेल तर' या तुमच्या शब्दांबद्दल. सर्वसाधारण रुग्णांमध्ये अॅक्युपंक्चर बरंच सुरक्षित आहे हे खरं. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची पाहणी झाली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यात ८.६ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला, तोही बहुतेक थोडं रक्त येणं, काळंनिळं होणं, दुखणं असा. फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा शिरल्याच्या दोन घटना एवढ्या मोठ्या संख्येत घडल्या. पण ते रुग्ण मुख्यतः पाठदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखीचे. तुमचे यजमान त्यांच्यात बसत नाहीत.

त्यांच्या बाबतीत काय काय पाहायचं ते सांगते. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, तेव्हा बारीक आणि वरवर लावलेल्या सुया डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीनेच, आणि सुई काढल्यावर ती जागा काही वेळ दाबून धरायची. सिटिंगसाठी म्हणून त्या औषधाचा डोस चुकवायचा नाही. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींचा अलीकडचा रिपोर्ट हवा. ते फार खाली असतील तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांची भीती असते, मग सुया नकोतच. ज्या पायात गुठळी झाली त्या पायाला सुईही नको आणि दाबणं-चोळणंही नको. वर सांगितलेल्या तीन जागांपैकी दोन पायावरच आहेत, म्हणून हे त्या बाईंना आपण होऊन सांगा. सूज आलेला भाग, रेडिएशन झालेली कातडी, जखम, गाठ आणि ज्या हाडांत कॅन्सर पसरला आहे तिथली जागा, सगळं वर्ज्य. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग इथे खोल सुई नाही म्हणजे नाही. आधीच अर्ध्या दमावर चाललेल्या फुप्फुसाला आणखी एक धक्का परवडणार नाही. पेसमेकर असेल तर विजेचा हलका प्रवाह सोडणारी पद्धतही नको.

'हलक्या हाताने' या शब्दाचीही खातरजमा करा. गळालेल्या माणसाला सुया जास्त जाणवतात. कोणी लगेच गाढ झोपतो, कोणाला भोवळ येते, कोणी दुसऱ्या दिवशी आणखीच दमतो. म्हणून अशा रुग्णाला पहिल्या खेपेला मोजक्याच सुया, केसासारख्या बारीक, फार आत न घातलेल्या, त्याही दहा-पंधरा मिनिटं, आणि तो आडवा असताना. बसवून नाही. फिरवून फिरवून झिणझिण्या आणायच्या नाहीत. (सुई न दुखता आत जावी म्हणून वापरतात ती छोटी नळी सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची नावाच्या जपानी वैद्याने रुजवली, असं मानतात. तो अंध होता. बोटांच्या स्पर्शावर भिस्त असलेल्या माणसालाच हलकेपणाची एवढी कदर असावी, याचं मला नवल वाटत नाही.) त्या बाईंना विचारा : कॅन्सरच्या रुग्णांवर काम केलं आहे का, एकदाच वापरून टाकायच्या निर्जंतुक सुया आहेत का, रक्ताचे रिपोर्ट पाहणार का, आमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे का. आणि मुख्य म्हणजे, 'कोणत्या परिस्थितीत तुम्ही सुया लावणार नाही?' याला ज्यांच्याकडे उत्तर नाही त्यांच्या हाती आपलं माणूस देऊ नये.

आणखी एक अपाय कोणी मोजत नाही. तयार होणं, गाडीत चढणं-उतरणं, ताटकळणं, परत येणं. ज्यांना आंघोळीनंतर तासभर पडावं लागतं त्यांची दिवसभराची शक्ती यातच संपेल आणि सुयांनी दिलेलं सुख दारापर्यंतही टिकणार नाही. त्या बाई घरी येत असतील तरच हा बेत धरा, असं मी म्हणेन. येत नसतील तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

सुया नसलेला मार्गही आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या २८८ स्त्रियांवर अॅक्युप्रेशरचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना ठरावीक जागा स्वतःच्या बोटांनी दाबायला शिकवलं आणि सहा आठवडे रोज करायला सांगितलं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा त्यांचा थकवा अधिक उतरला. या स्त्रिया तुमच्या यजमानांहून खूपच ठणठणीत होत्या, तेव्हा तोच परिणाम मिळेल असं नाही. पण हात, तळवा, गुठळी नसलेलं पाऊल इथे हलका दाब देणं तुम्ही स्वतः शिकू शकता. टोचणं नाही, येणं-जाणं नाही. रक्त पातळ असल्यामुळे दाब खरोखर हलका हवा, कातडीवर वळ उठता कामा नये.

आता त्यांच्या वाक्याकडे येते : 'तुला बरं वाटत असेल तर करू.' तुम्ही ही संमती समजलात. मला त्यात एक दमलेला माणूस बायकोची समजूत काढताना दिसतो. अशा माणसावर उपचार सुरू झाला की पुढे काय होतं, सांगू? सुया निघाल्या की घरातले सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. 'काय, वाटतंय का जरा बरं?' तो 'हो' म्हणतो. तो 'हो' कोणासाठी आहे, हे कोणी विचारत नाही. आणि मग नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून पुढची सिटिंग, तुमचा उत्साह मोडू नये म्हणून त्याच्या पुढची. आधीच तुटपुंजी असलेली शक्ती तो आपल्याला बरं वाटावं म्हणून खर्च करत राहतो.

म्हणून त्यांच्याशी एकदा मोकळेपणी बोला. नणंद नको, मुलगा नको. 'मला करून पाहावंसं वाटतंय, कारण मला नुसतं बसवत नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर मी रागावणार नाही आणि परत विषयही काढणार नाही,' असं म्हणा आणि मग तो शब्द पाळा. नको म्हणणं सोपं केल्याशिवाय हो म्हणण्याला अर्थ येत नाही. ते खरोखर तयार असले तर तोच मघाचा प्रश्न विचारा, थोडी ताकद आली तर कशासाठी हवी आहे. हिंडणंफिरणं ही तुमची अपेक्षा आहे. त्यांची कदाचित वेगळीच असेल. संध्याकाळी अर्धा तास जागं राहून मुलाशी बोलायचं असेल. एखादा कागद नीट वाचून सही करायची असेल. खुर्चीवर बसून दाढी करायची असेल. तेच तुमचं माप. त्यात फरक पडला तर उपयोग झाला, नाही पडला तर नाही.

नोंदीचं काम मुलाला द्या. शंकेखोर माणूस नोंदी चोख ठेवतो! शून्य म्हणजे थकवा अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही. आकडा बाबांनी स्वतः सांगायचा : सिटिंगच्या आधी, त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी दुपारी. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारांत, लक्षणं मोजायला अशीच शून्य ते दहाची पट्टी नेहमी वापरतात, त्यामुळे डॉक्टरांनाही ती वही दाखवता येईल. सुरुवातीलाच ठरवा : आठवड्याला एक, अशा तीन किंवा चार सिटिंग, मग थांबून विचार. दुसऱ्या दिवशीचा आकडा चढत असेल तर त्याआधीच बंद. आणि आराम मिळत होता पण दर खेपेला तो कमी काळ टिकायला लागला, तर सिटिंग वाढवायच्या नाहीत, डॉक्टरांना कळवायचं. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं अॅक्युपंक्चर करणाऱ्या भूलतज्ज्ञ जॅकलिन फिल्शी यांनी वेदनेच्या बाबतीत हे नोंदवलं आहे. आराम असा आटू लागणं ही कधी कधी आजार पुढे सरकल्याची खूण असते.

दरम्यान, सुयांवाचूनही बरंच करता येईल. २०१७ साली ११३ अभ्यास आणि ११ हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र विचार करून असं दिसलं की कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचाराच्या पद्धती औषधांपेक्षा जास्त उपयोगी पडतात. तुमच्या यजमानांसाठी व्यायाम म्हणजे पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवणं, आधार धरून चार पावलं, एवढंच. हाडांचं पाहता तेही फिजिओथेरपिस्टला विचारून. आंघोळ स्टुलावर बसून, आणि रोजच हवी असा हट्ट नको. एक दिवसाआड अंग पुसलं तरी चालतं. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्या दिवशी आंघोळ नको. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची ठेवता आली तर रात्रीची सुधारते. दिवसातला त्यांचा सर्वांत बरा तास कोणता ते वहीत आपोआप दिसेल, तो तास औषधं आणि तपासण्यांत घालवू नका. भेटायला येणाऱ्यांना थोपवण्याचं काम नणंदबाईंकडे सोपवा. त्यांना मदत करायचीच आहे, आणि हे काम मोठं आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. तुम्ही विचारलेली नाही, पण आज ना उद्या समोर येईल. युरोपमधल्या पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली थकव्यावर एक निवेदन काढलं होतं. त्यात म्हटलं आहे की आयुष्याच्या अगदी अखेरच्या टप्प्यात थकवा हे रुग्णाचं संरक्षणही असू शकतं; तो त्याला त्रासापासून दूर ठेवतो आणि तेव्हा थकव्याशी झुंजत बसणं अपायकारक ठरू शकतं. तुमचे यजमान त्या टप्प्यावर आहेत असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कळतही नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'ही झोप घालवायची का, की आता येऊ द्यायची?' ते येऊ द्या म्हणाले तर सुया, आकडे, वही सगळं बाजूला ठेवायचं. त्यांच्या झोपेला हार म्हणायचं नाही. तेव्हा तर मुळीच नाही.

शेवटी, कोणत्याच सिटिंगची वाट पाहायची नाही अशी काही लक्षणं सांगून ठेवते, कारण थकव्याची सवय झालेल्या घरात ती नजरेतून निसटतात. एक-दोन दिवसांत एकाएकी सुस्ती वाढली, तहान आणि बद्धकोष्ठ वाढलं, बोलण्यात गोंधळ होऊ लागला. दोन्ही पायांतली ताकद गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली. मणक्यातल्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब पडला की असं होतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो. अचानक दम लागला किंवा छातीत दुखायला लागलं. पायातली गुठळी सरकून फुप्फुसात गेली की असं होऊ शकतं. ताप आला. काळी शौच झाली किंवा कुठूनही रक्त येऊ लागलं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, फोन करा. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर मुलाकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या.